‘पीटर आउट’ कधी म्हणायचं, कसं म्हणायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी सांभाळून इंग्रजी पक्कं करू पाहणाऱ्या मोठ्या माणसांना मी शिकवते आणि उरलेल्या वेळात इंग्रजी-मराठी भाषांतरं तपासते. एखादी गोष्ट कमी कमी होत नाहीशी होते, तेव्हा इंग्रजीत म्हणतात ते ‘पीटर आउट’ दोन्हीकडे सतत अडतं. शिकणाऱ्यांना ते वापरायची भीती वाटते आणि भाषांतर करणारे दर वेळी ‘संपले’ लिहून मोकळे होतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, अडचणीचे पुढे येतील.

1. ‘पीटर आउट’ म्हणजे नेमकं काय? ‘संपणं’ असं म्हटलं तर चुकलं का?

चुकलं नाही, पण अर्धंच झालं. ‘एंड’ म्हणजे संपणं. ‘पीटर आउट’मध्ये कसं संपलं तेही सांगितलेलं असतं. आधी गोष्ट चांगली भरात असते, मग हळूहळू पातळ होत जाते, आणि शेवटी उरत नाही. कोणी ती थांबवलेली नसते, शेवटचा क्षणही दाखवता येत नाही. ‘द ॲप्लॉज पीटर्ड आउट’ म्हणजे टाळ्या आधी जोरात होत्या, मग इकडे चार तिकडे दोन, मग एखादीच, मग शांतता. ‘द ॲप्लॉज स्टॉप्ड’ म्हटलं तर टाळ्या एकदम थांबल्या. अचानक गेलेली वीज, मध्येच तुटलेला फोन किंवा रद्द झालेली गाडी यांच्यासाठी हा प्रयोग कधीच वापरू नका.

2. यातला पीटर कोण?

कोणीच नाही, निदान ठाऊक असलेला तरी कोणी नाही. 1840 च्या दशकाच्या मध्यापासून हा शब्द अमेरिकेत छापलेला सापडतो आणि त्याचं नातं खाणींशी आहे. खडकात धातूची शीर असते. खाणकामगार तिच्या मागे मागे खणत जातो. शीर कधी हातभर रुंद, पुढे चार बोटं, मग सुतासारखी, आणि मग नुसता खडक. शीर तुटत नाही, बारीक होत होत खडकात हरवते. याला ते कामगार ‘पीटर’ झाली म्हणत. जानेवारी 1848 मध्ये कॅलिफोर्नियात कोलोमा इथे जेम्स मार्शलला सोनं सापडलं आणि हजारो माणसं तिकडे धावली. त्या गर्दीआधीपासूनच हा शब्द खाणकामगारांच्या बोलण्यात होता.

त्याहून जुनं असं एक नुसतं ‘पीटर’ लंडनच्या चोरबोलीत आढळतं. जेम्स हार्डी व्हॉक्स नावाच्या कैद्याने 1812 च्या सुमारास तयार केलेल्या शब्दसंग्रहात ते ‘थांबव, पुरे कर’ अशा अर्थाने आलं आहे. हाच शब्द पुढे अमेरिकेतल्या खाणीत पोचला की तो वेगळा, याचा दुवा जुळलेला नाही. म्हणून चांगले कोश ‘मूळ अज्ञात’ लिहून थांबतात, आणि ते योग्यच आहे.

3. सोऱ्यावरून हा शब्द आला असं वाचलं. दुसरीकडे संत पीटरची गोष्ट वाचली. कोणतं खरं?

दोन्ही तर्क आहेत, पुरावा कशालाच नाही. मात्र तर्क वाचनीय आहेत.

सोऱ्याला इंग्रजीत ‘सॉल्टपीटर’ म्हणतात आणि सुरुंगाच्या काळ्या दारूत तो मुख्य घटक. नोबेलने डायनामाइटचं पेटंट घेतलं 1867 मध्ये, म्हणजे त्याआधी खाणीत सगळं काम या काळ्या दारूवरच चालायचं. ‘पीटर’ आणि खाण इतकी जवळ आल्यामुळे हा तर्क पटकन पटतो. पण सोरा म्हणजे स्फोट, आणि आपला शब्द नेमका उलट, हळू विरण्याचा. तिथे माझं मन अडतं.

दुसरा तर्क फ्रेंच ‘पेते’ या क्रियापदाचा. त्याचा अर्थ पादणं, फुटणं. ‘पेटार्ड’ हा जुन्या स्फोटकाचा शब्द त्याच घरचा. फुसका बार निघणं या अर्थाने तो जुळतो. तिसरा तर्क बायबलमधल्या पीटरचा: तो पाण्यावर चालू लागला, विश्वास डळमळला आणि बुडू लागला. गोष्ट सुंदर आहे, म्हणूनच सावध राहा. शब्दाच्या जन्माची फार नेटकी गोष्ट बहुधा नंतर कोणीतरी रचलेली असते.

4. उच्चार आणि स्पेलिंग कसं? पीटरचा पी मोठा लिहायचा का?

लहान पी. हे विशेषनाम नाही, त्यामुळे वाक्याच्या सुरुवातीला आला तरच मोठा. उच्चार दीर्घ ‘पी’ने, ‘पिटर’ नव्हे. बोलताना दोन्ही शब्द जोडून ‘पीटराउट’ असे ऐकू येतात आणि जोर ‘आउट’वर पडतो. भूतकाळ ‘पीटर्ड’, चालू रूप ‘पीटरिंग’, दोन्हीत आर एकच. ‘रेफर’चं ‘रेफर्ड’ करताना आर दुप्पट होतो, कारण तिथे आघात दुसऱ्या अक्षरावर आहे. ‘पीटर’चा आघात पहिल्या अक्षरावर आहे, म्हणून तो दुप्पट होत नाही.

5. ‘द मॅनेजर पीटर्ड आउट द प्रोजेक्ट’ हे माझं वाक्य चुकीचं ठरवलं. का?

कारण हे क्रियापद अकर्मक आहे. आपल्या ‘आटणे’सारखं. विहीर आटते, विहिरीला कोणी आटत नाही. त्यामुळे याला कर्म लागत नाही आणि याचा कर्मणी प्रयोगही होत नाही. ‘द प्रोजेक्ट वॉज पीटर्ड आउट बाय द मॅनेजर’ हेही तितकंच चूक. बरोबर वाक्य ‘द प्रोजेक्ट पीटर्ड आउट’.

मॅनेजरने लक्ष न देता ते विरू दिलं असं सांगायचं असेल तर ‘लेट’ची मदत घ्या: ‘ही लेट द प्रोजेक्ट पीटर आउट’. त्याने ठरवून टप्प्याटप्प्याने बंद केलं असेल तर शब्दच बदला, ‘ही फेज्ड आउट द प्रोजेक्ट’. ‘फेज आउट’ला कर्म चालतं, कारण तिथे करणारा असतो. या एका फरकावर प्रश्न 13 आणि 18 उभे आहेत, तेव्हा तो आधी पक्का करून घ्या.

काळाबद्दलही थोडं. ‘इज पीटरिंग आउट’ म्हणजे अजून थोडं शिल्लक आहे, ‘हॅज पीटर्ड आउट’ म्हणजे आता काही उरलं नाही.

6. कोणकोणत्या गोष्टी ‘पीटर आउट’ होतात?

ज्या गोष्टीला वाहणं, ओघ किंवा लांबी आहे अशी कोणतीही. उत्साह, गप्पा, पत्रव्यवहार, मोर्चा, साथ, पुरवठा, कादंबरीचं कथानक, खेळाडूची कारकीर्द. नव्या वर्षात सुरू केलेली डायरी जानेवारीअखेर ‘पीटर आउट’ होते. आपण त्याला नव्याचे नऊ दिवस म्हणतो.

नद्या आणि वाटांसाठी हा प्रयोग फार छान बसतो. लूनी नदी अजमेरजवळ अरवलीत उगम पावते, राजस्थानातून नैर्ऋत्येला वाहते आणि समुद्रापर्यंत न पोचता कच्छच्या रणातल्या दलदलीत जिरते. ‘द लूनी पीटर्स आउट इन द रण ऑफ कच्छ.’

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना वाटेचा अनुभव वेगळा सांगायला नको. मळलेल्या वाटेवरून चालताना नकळत ढोरवाटेला लागतो. पहिली दहा मिनिटं ती छान रुंद असते, मग तिला फांद्या फुटतात, एक कारवीत शिरते, एक ओढ्याकडे उतरते, पायाखालचं गवत कमी दबलेलं दिसू लागतं, आणि मागे वळून पाहिलं तर आपण आलो ती वाटही दिसत नाही. ट्रेकवाले म्हणतात, ‘वाट मोडली’. इंग्रजीत हेच ‘द ट्रेल पीटर्ड आउट’. दरड कोसळून वाट तुटली असेल तर मात्र हे म्हणता येणार नाही, तिथे ‘द ट्रेल वॉज ब्लॉक्ड’ किंवा ‘वॉश्ड अवे’.

घन, एकसंध वस्तूंना हा शब्द लागत नाही. खुर्ची, घर, पुस्तक ‘पीटर आउट’ होत नाही.

7. ‘फिजल आउट’ आणि ‘पीटर आउट’ एकच ना?

जवळचे आहेत, एक नाहीत. ‘फिजल आउट’मध्ये अपेक्षाभंग आहे. मोठा गाजावाजा झाला आणि पुढे काहीच घडलं नाही, आपला फुसका बार. ‘फिजल’चा जुना अर्थ आवाज न करता वारा सोडणं असा होता, आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या कॉलेजांत वर्गात उत्तर देताना फजिती झाली की तिला ‘फिजल’ म्हणत. ती फजितीची छटा आजही टिकून आहे.

‘पीटर आउट’मध्ये गोष्ट काही काळ खरोखर नीट चालली होती. वाचनकट्टा तीन वर्षं भरला, मग माणसं येईनाशी झाली: ‘पीटर्ड आउट’. उद्घाटनाला दोनशे माणसं आणि दुसऱ्या आठवड्यात चौघं: ‘फिजल्ड आउट’.

इथे भाषांतरातली एक चूक सांगते, कारण ती मी कितीतरी वेळा दुरुस्त केली आहे. ‘द टॉक्स पीटर्ड आउट’चं ‘चर्चा फिसकटली’ करतात. फिसकटणं म्हणजे मोडणं, कोणीतरी उठून जाणं, त्याला ‘ब्रोक डाउन’. ‘पीटर्ड आउट’ झालेली चर्चा थंडावते. पुढची तारीख ठरत नाही, इतकंच.

8. डॉक्टरांनी गोळी ‘टेपर ऑफ’ करायला सांगितली. हेही ‘पीटर आउट’च का?

नाही, आणि इथे गोंधळ करू नका. ‘टेपर’ म्हणजे मूळची मेणबत्ती, टोकाकडे निमुळती होत जाणारी. ‘टेपर ऑफ’ म्हणजे ठरवून, मोजून, निमुळतं करत नेणं. स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्या की शरीरातल्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी करतात. गोळी एकदम बंद केली तर ती उणीव जिवावर बेतू शकते, म्हणून डॉक्टर मात्रा पायरीपायरीने उतरवतात. त्या पायऱ्या डॉक्टरांच्याच असतात. गोळ्या आपोआप चुकत चुकत बंद झाल्या, तर ते ‘पीटर आउट’ होईल, आणि ते धोक्याचं.

अर्थकारणाच्या पानावर हाच शब्द 2013 मध्ये गाजला. अमेरिकेची मध्यवर्ती बँक तेव्हा महिन्याला 85 अब्ज डॉलरचे रोखे विकत घेत होती. ही खरेदी ‘टेपर’ करू, असं तिने मे महिन्यात सुचवलं आणि जगभर पैसा हलला. ऑगस्टअखेर डॉलर 68 रुपयांच्या पुढे गेला होता. बँकेचा निर्णय होता, म्हणून ‘टेपर’. त्या बातमीत ‘पीटर आउट’ लिहिलं असतं तर अर्थच उलटला असता.

9. ‘डाय डाउन’, ‘डाय आउट’, ‘डाय अवे’, ‘फेड’, ‘ट्रेल ऑफ’... कुठे काय?

आधी भडकलेलं शांत होतं तेव्हा ‘डाय डाउन’: आग, वारा, ओरडा, संताप. ते पुन्हा भडकू शकतं. जात, प्रथा, बोली पृथ्वीवरून नाहीशी होते तेव्हा ‘डाय आउट’. आवाज दूर दूर जातो तेव्हा ‘डाय अवे’, गाडी बोगद्यात शिरल्यावर शिट्टी विरते तशी. रंग, आठवण, प्रकाश ‘फेड’ होतात. माणसाचं बोलणं वाक्याच्या मध्येच खाली येऊन अपुरं राहतं तेव्हा ‘ट्रेल ऑफ’, ‘हर व्हॉइस ट्रेल्ड ऑफ’. पैसे, साखर, गॅस संपला तर साधं ‘रन आउट’.

या सगळ्यांत ‘पीटर आउट’ची जागा ओघ आटण्याची.

10. माझ्याकडे आकडे आहेत: सभासद 80 होते, आता 12. ‘पीटर्ड आउट टु 12’ लिहू का?

नको. आकड्यावर येऊन थांबायचं असेल तर ‘ड्विंडल’: ‘मेंबरशिप ड्विंडल्ड फ्रॉम 80 टु 12’. मराठीत ‘रोडावली’. पुढच्या वर्षी बाराही येईनासे झाले की मग ‘पीटर्ड आउट’ म्हणा.

11. मग पूर्ण शून्य व्हायलाच हवं का?

शून्याला टेकलं तरी पुरतं. मोर्चाच्या शेवटी चौकात चार माणसं उभी असली तरी मोर्चा ‘पीटर्ड आउट’, कारण आता त्याला मोर्चा म्हणता येत नाही. जे होतं त्याचं नाव त्याला लावता येईनासं झालं, ही माझी कसोटी. त्याचं रूप बदलून काही वेगळं उरलं असेल तर ‘इंटू’ येतं: ‘द रोड पीटर्ड आउट इंटू अ कार्ट ट्रॅक’, डांबरी रस्ता संपत संपत बैलगाडीची चाकोरी उरली.

12. मराठीत याला एक शब्द सांगा ना.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि याचं उत्तर मला सगळ्यांत जास्त आवडतं. एक शब्द नाही, कारण मराठीत काय संपतंय त्यावर क्रियापद ठरतं. विहीर आटते, झऱ्याची धार मंदावते. पूर ओसरतो, सूज ओसरते, उत्साहही ओसरतो. वादळ शमतं, राग निवळतो. ताप उतरतो. गर्दी पांगते, पटावरची मुलं रोडावतात. मोहीम बारगळते, चर्चा थंडावते. जवळची पुंजी सरते. वंश खुंटतो. आशा मावळते. इंग्रजी एक झाकण सगळ्या डब्यांना लावते, आपल्याकडे डब्यागणिक झाकण आहे. भाषांतर करताना कोशातला पहिला शब्द उचलू नका, आधी वाक्यातला कर्ता पाहा.

तरीही एकच शब्द निवडा असा कोणी आग्रह धरला, तर मी ‘विरणे’ निवडीन. आवाज विरतो, धुकं विरतं, वाट झाडीत विरते. आणि मूळ पाहायचं तर कापड विरतं. सुती चादर वर्षानुवर्षं वापरात असली की मधोमध विरते, कारण अंगाखाली ती तिथेच जास्त घासली जाते. काठ घट्ट असतात, मधला भाग हाताला मऊ लागतो, जास्तच मऊ. उजेडाकडे धरली की उभे-आडवे धागे वेगळे दिसतात. मग एके दिवशी घडी घालताना बोट आरपार जातं. चादर फाटली कधी? ते सांगता येत नाही. फाडली कोणी? कोणीच नाही. खाणीतली शीर खडकात हरवते तशीच ही, फक्त त्यांची खूण खडकातली आणि आपली घरातली. जुनी लुगडी गोधडीत घालणाऱ्या बायका कोणता भाग विरलेला आणि कोणता अजून धडका, ते नुसत्या बोटांनी ओळखत. वर्गात ‘पीटर आउट’ शिकवताना मी जुनी चादर घेऊन जाते आणि खिडकीशी धरते. त्यानंतर व्याख्या सांगावी लागत नाही.

‘विरणे’ सगळीकडे मात्र बसत नाही. ‘पाणीपुरवठा विरला’ कानाला खटकतं, तिथे ‘आटला’. ‘आंदोलन विरलं’ चालतं, ‘आंदोलन विरून गेलं’ जास्त चांगलं.

13. गिरणी संपाबद्दल इंग्रजी लेखात ‘द स्ट्राइक पीटर्ड आउट’ असं वाचलं. भाषांतर ‘संप विरून गेला’ करू का?

शब्द जुळतो. पण लिहिण्याआधी थांबा.

18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. नेते डॉ. दत्ता सामंत, कामगार सुमारे अडीच लाख. हा संप कधीच अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही. अमुक तारखेला संप संपला असं म्हणता येत नाही. काही कामगार कोकणात, घाटावर गावी गेले, काही महिन्यांनी काही जण कामावर परतले, अनेकांना परतायला गिरणीच उरली नाही. शेवटचा क्षण दाखवता येत नाही, हे ‘पीटर आउट’चं लक्षण इथे पुरेपूर आहे. त्या अर्थाने इंग्रजी लेखक चुकला नाही.

मला खटकतं ते दुसरंच. हे क्रियापद अकर्मक आहे (प्रश्न 5). त्याला करणारा लागत नाही, सोसणाराही लागत नाही. धुकं विरलं की कोणाचं काही जात नाही. इथे घरातली भांडी विकली गेली, मुलांच्या शाळा सुटल्या, परळ-लालबागची चाळच्या चाळ उपाशी राहिली. मालकांनी, सरकारने, संघटनांनी काय केलं आणि काय केलं नाही, ते सगळं ‘विरून गेला’ या दोन शब्दांमागे झाकलं जातं. त्यामुळे मी असं लिहीन: ‘संप कधीच मागे घेतला गेला नाही. महिने उलटत गेले तसे कामगार पांगत गेले.’ इंग्रजीत लिहायचं तर ‘वॉज नेव्हर फॉर्मली कॉल्ड ऑफ’. थोडी जागा जास्त लागते, पण अडीच लाख माणसांसाठी एवढी जागा द्यायला हवी.

मोर्चे, आंदोलनं, तक्रारी, चौकश्या अशा प्रत्येक ठिकाणी हा प्रश्न स्वतःला विचारा: ही गोष्ट आपोआप विरली की विरू दिली?

14. पाऊस ‘पीटर आउट’ होतो की ‘विड्रॉ’?

हवामान खात्याची भाषा ‘विड्रॉवल’. नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळात 1 जूनला येतो आणि पश्चिम राजस्थानातून 17 सप्टेंबरच्या सुमारास परतायला लागतो, या त्यांच्या सरासरी तारखा. वाऱ्याची दिशा, हवेतली आर्द्रता असे निकष पाहून ते परतीची घोषणा करतात. मराठी वर्तमानपत्रं तेव्हा ‘पावसाने काढता पाय घेतला’ लिहितात.

अंगणात उभं राहून बोलायचं असेल तर ‘पीटर आउट’ चालतं: ‘द रेन पीटर्ड आउट बाय ईव्हनिंग’. दुपारी धो धो, मग रिपरिप, मग पागोळ्या, मग काही नाही. नुसती उघडीप असेल, पुन्हा येणार असेल, तर ‘लेट अप’. पेरणी झालेल्या माणसाला हा फरक फार मोठा आहे.

15. ‘द माइन पीटर्ड आउट’ बरोबर का? शब्द तर खाणीतलाच आहे.

शीर ‘पीटर आउट’ होते, खाण बंद केली जाते. कोलारची सोन्याची खाण घ्या. 1880 च्या दशकापासून तिथे मोठ्या प्रमाणावर सोनं निघालं. चॅम्पियन रीफ 3 किलोमीटरहून अधिक खोल गेली. जसजसं खोल गेलं तसतसं टनामागे निघणारं सोनं घटत गेलं आणि खर्च वाढत गेला. हे ‘पीटरिंग आउट’. 28 फेब्रुवारी 2001 ला खाण बंद झाली. तो निर्णय होता, त्याला तारीख आहे. म्हणून ‘द गोल्ड पीटर्ड आउट अँड द माइन वॉज क्लोज्ड’. एका वाक्यात दोन क्रियापदं, दोघांचं काम वेगळं.

दुकानांचंही असंच. गिऱ्हाईक ‘पीटर आउट’ होतं, दुकान बंद पडतं. लिंकन यांनी 1860 मध्ये स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहिताना न्यू सेलममधलं आपलं दुकान ‘विंक्ड आउट’ झालं म्हटलं आहे, दिवा मिणमिणत मालवतो तसं. तो प्रयोग आता क्वचित भेटतो, पण मला फार आवडतो.

16. एका अमेरिकन सहकाऱ्याच्या तोंडी ‘आय ॲम ऑल पीटर्ड आउट’ ऐकलं. माणूस कसा विरेल?

अमेरिकेत काही भागांत ‘पीटर्ड आउट’ विशेषणासारखं वापरतात, अर्थ ‘पार थकलो’. अंगातला जोर आटला, असं. ऐकून समजून घ्या, स्वतः ‘टायर्ड’ किंवा ‘वॉर्न आउट’ म्हणा. प्रश्न 5 मधला नियम याने मोडत नाही, कारण इथे ते क्रियापद नाही.

माणसाच्या मृत्यूबद्दल मात्र चुकूनही नाही. दीर्घ आजारानंतर कोणी गेलं तर ‘पास्ड अवे’. सांत्वनाच्या पत्रात ‘ही पीटर्ड आउट’ वाचून घरच्यांना फार लागेल.

17. हा शब्द असभ्य आहे का? एकाने वापरू नको म्हणून सांगितलं.

पूर्ण प्रयोग सभ्य आहे, वर्तमानपत्रांत रोज येतो. नुसता ‘पीटर’ लहान पीने लिहिला तर अमेरिकी बोलीत त्याला पुरुषाच्या गुप्तांगाचा अर्थ आहे, त्यावरून तो सल्ला आला असावा. ‘आउट’ गाळू नका, की झालं.

18. ऑफिसच्या ईमेलमध्ये किंवा परीक्षेत चालेल का?

ईमेलमध्ये चालतो, पण काय लपतंय ते पाहा. ‘द ट्रेनिंग प्रोग्राम पीटर्ड आउट’ वाचून वरिष्ठ विचारतील, बंद कोणी केला? उत्तर ठाऊक असेल तर तेच लिहा: ‘वी डिस्कंटिन्यूड इट इन जून’. करारात, नोटिशीत, विम्याच्या कागदावर अजिबात नको. तिथे मुदत ‘एक्स्पायर’ होते, हप्ता न भरल्याने पॉलिसी ‘लॅप्स’ होते, करार ‘टर्मिनेट’ केला जातो, आणि या प्रत्येक शब्दाला कायद्याचा वेगळा अर्थ आहे.

परीक्षेत निबंधात किंवा गोष्टीत जरूर. आलेखाचं वर्णन करताना ‘डिक्लाइन्ड स्टेडिली टु झीरो’ जास्त नेमकं. तपासणारा तिथे आकड्यांचा उतार शोधत असतो.

19. ‘स्लोली पीटर्ड आउट’ ही द्विरुक्ती नाही का?

थोडीशी आहे. ‘हळूहळू’ शब्दातच बसलेलं आहे. तरी ‘ग्रॅज्युअली पीटर्ड आउट’ चांगले लेखकही लिहितात, त्याला चूक म्हणत नाही. ‘पीटर्ड आउट टु नथिंग’ मात्र मी खोडते. आणि ‘पीटर ऑफ’ असं काही नाही. ते ‘टेपर ऑफ’ आणि ‘पीटर आउट’ जिभेवर एक झाल्याने होतं.

20. ‘पीटर प्रिन्सिपल’शी याचा संबंध आहे का?

नाही. तो लॉरेन्स पीटर यांच्या आडनावावरून आला, 1969 मध्ये. माणूस बढती मिळत मिळत जिथे त्याला काम जमत नाही त्या पदावर येऊन अडकतो, असा त्याचा अर्थ. ‘रॉबिंग पीटर टु पे पॉल’मधला पीटरही निराळा.

21. मराठी बोलताना ‘ते सगळं पीटर आउट झालं’ असं म्हणावं का?

समोरच्याला कळत असेल तर मला हरकत नाही, भाषा अशीच देवाणघेवाण करत आली आहे. फक्त म्हणण्याआधी अर्धा क्षण थांबून पाहा, की काय संपलं. गणपतीनंतरची वर्गणी असेल तर ‘आटली’, सोसायटीतला वाद असेल तर ‘निवळला’, ग्रुपवरचे सुप्रभात असतील तर ‘थंडावले’. माझ्या एका विद्यार्थ्याने हे करून पाहिलं. तो कारखान्यात पाळीवर असतो. पुढच्या आठवड्यात येऊन म्हणाला, बाई, आमच्याकडे रात्रपाळीचा भत्ता ‘पीटर आउट’ झाला असं मी म्हणणार होतो. पण तो विरला नाही, आटला नाही. आधी कमी केला, मग बंद केला. मी फळ्यावर लिहिलं, ‘दे फेज्ड इट आउट’. त्याने वहीत उतरवून घेतलं आणि ‘दे’खाली दोन रेघा मारल्या.